थांबलं कोण होतं

आश्रमातले बाबा जेवून पांचाळेश्वरला परत निघाले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. त्यांची जीप वेशीच्या वळणावर दिसेनाशी झाली न झाली तोच बद्रीनाथने पडवीत सतरंजी झटकली आणि मांडी ठोकून बसला.

"अंगद, बस. वर्षा, तूबी बस. माय हायच. आज हे मिटवून टाकू."

सत्यभामा खरकटी पातेली उचलत होती. येसराच्या आमटीचा वास अजून पडवीभर होता. ती नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "मिटवायचं म्हंजी काय? स्वप्नाली ड्युटीवर हाय की."

"ती तीनला यील. तवर आपलं बोलून हुतंय."

बायनाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. थोरल्याने आजचा दिवस आणि ही वेळ का निवडली ते त्यांना लगेच कळलं. त्यांचे यजमान माणिकराव जाऊन चार वर्षं झाली होती. दर मार्गशीर्षात त्यांच्या आठवणीसाठी त्या उपहार, म्हणजे आश्रमातल्या बाबांना घरी जेवण, करायच्या आणि त्या दिवशी तिन्ही लेकरं घरात असायची. धाकटी सून स्वप्नाली सोडून सगळी. एसटीत कंडक्टर असलेल्या बाईला सणावाराला रजा कोण देतं?

"बोल," त्या म्हणाल्या.

बद्रीनाथ बोलला, आणि नेहमीसारखं मुद्द्याला धरून बोलला. "अंगदनं दत्तक लेकरासाठी अर्ज केला त्याला तीन वर्सं आठ महिने झाले. सरकारी यादी. साहेब आले, घर बगून गेले, कागद घेऊन गेले. पुढं काय? काय न्हाई. हा अडतीसचा झाला. किती वाट बगायची? मी म्हनतो, त्यो अर्ज मागं घ्या. तुमच्या वाट्याचं तळ्याखालचं रान शिवशंकरच्या नावानं लिहून द्या. माझा पोरगा तुमाला मरेस्तोवर बगंल. आपलं रगत आपल्या घरात."

"दादाचं बराबर हाय," वर्षाराणी म्हणाली. ती पाटोद्याहून काल संध्याकाळीच आली होती आणि आल्यापासून भावाच्याच कलाने बोलत होती. "न्हाईतर माय, आमच्याकडं एक बाई हाय. अमुशाला अंगात येतंय तिच्या. एकदा स्वप्नालीला नेऊन..."

"वर्षे." बायनाबाईंनी हात वर केला. "मी पंथाचा उपदेश घेतला त्याला बेचाळीस वर्सं झाली. ह्या घरात परमेश्वराशी सौदा करत न्हाईत. हे दे, मग ते दीन, असलं आपल्यात न्हाई. मागितलं, त्याच्या पायाशी ठिवलं, आता त्याचं त्यो बगंल."

"अगं पर कधी?"

"हरबरा पेरल्यावर रोज माती उकरून बगतीस का, उगवला का म्हनून?"

बद्रीनाथ हसला, पण त्या हसण्यात कंटाळा होता. "माय, तुझा भरवसा आमाला मान्य हाय. पर तीन वर्सं आठ महिने. देवालाबी काई हिशेब असंल का न्हाई?"

अंगद सतरंजीची दशी पिळत बसला होता. नेकनूरला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. दिवसभर जळालेल्या मोटारींची तार सोडवणारा माणूस, बोलणं त्याला आधीच कमी. तेवढ्यात त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजला. त्याने काढून बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"कुनाचा हाय?" बद्रीनाथने विचारलं.

"गिऱ्हाईकाचा. आलोच." तो उठला आणि मागच्या दाराने गोठ्याकडे गेला.

बद्रीनाथला काही कळलं नाही. सत्यभामाला कळलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

*

कडब्याच्या गंजीमागे उभं राहून अंगदने निरोप पुन्हा वाचला. तेच शब्द. मागच्या जानेवारीत आले होते तेच. बालकाची माहिती आपल्यासाठी उपलब्ध आहे. अठ्ठेचाळीस तासांच्या आत राखून ठेवावे.

त्याने संकेतस्थळावर पासवर्ड टाकून फोटो उघडला. दीपमाला. वय दोन वर्षं चार महिने. कानटोपी घातलेली, भुवया आक्रसून कॅमेऱ्याकडे बघणारी मुलगी. जणू कुणीतरी तिला विनाकारण थांबवून ठेवलंय.

मागच्या वेळची आठ महिन्यांची होती. तिचं नाव काजल होतं. लाल झबलं, एका हाताची मूठ तोंडात. अंगदने तो फोटो दुकानात बसून इतक्या वेळा बघितला होता की डोळे मिटले तरी दिसायचा. स्वप्नालीला संध्याकाळी सांगू असं ठरवून तो दुकान लवकर बंद करून निघाला, आणि वाटेत पुलावर दादा भेटला. दादाला सांगितल्याशिवाय अंगदने आजवर काही केलं नव्हतं. बाप दिवसभर रानात, शाळेत नाव घालायला दादाच गेला होता, दुकान घालून द्यायलाही दादाच उभा राहिला.

"कुनाचं हाय, कुठलं हाय, कायबी म्हाईत न्हाई," दादा म्हणाला होता. "त्यात पोरगी. घाई करू नगंस. दोन दिस थांब, इचार कर."

दोन दिवस थांबला. तेवढेच दिवस होते. तिसऱ्या दिवशी फोटो उघडेना.

त्यानंतर अकरा महिने स्वप्नाली रोज रात्री एकच गोष्ट विचारायची, "आलं का हो काही?" आणि तो खरंच सांगायचा, "न्हाई." त्या एका दिवसानंतर खरंच काही आलं नव्हतं.

"भाऊजी."

सत्यभामा गंजीच्या कडेला उभी होती. पदराने हात पुसत होती, हात कोरडे असूनही.

"आलंय ना?" तिने विचारलं.

अंगदने मान हलवली. "वयनी, तुमाला कसं..."

"मागलं मला म्हाईत हाय. त्याच रात्री ह्यांनी सांगितलंतं. मला लेकराची आन घातली, बोलू नगंस म्हनून." तिचा आवाज बारीक झाला. "अकरा महिने मी तिच्यासंगं एका चुलीवर भाकरी थापल्या. ती मला म्हनायची, अक्का, देवाच्या मनात असंल तवाच हुईल. अन् मी हूं म्हनायची. मला भाकर गिळायची न्हाई."

"आता काय करू, वयनी?"

"मला कावून इच्चारता? मागल्या बारीला तुमी तुमच्या दादाला इच्चारलं, आता मला इच्चारता." ती पहिल्यांदाच त्याच्याशी चढ्या आवाजात बोलत होती. "तीनला ती यील. तुमी सांगता का मी सांगू? ह्या बारीला मी गप बसनार न्हाई. मग आन लागो न्हाईतर काई हुवो."

*

बीडला सकाळची पाळी सोपवून स्वप्नाली नेकनूरच्या गाडीने फाट्यावर उतरली तेव्हा उन्हाचा कडकपणा कमी झाला होता. फाट्यापासून घर दहा मिनिटांवर. दोन्ही बाजूंना तूर वाळत आलेली. आज केजच्या गाडीत एका बाईने तिकीट काढताना विचारलं होतं, "ताई, लेकरं किती?" आणि तिने तिकीट फाडून हातात देत सांगितलं होतं, "येणार आहे एक." पूर्वी ती अशा प्रश्नाला मान फिरवायची. आता फिरवत नव्हती. सासूबाईंनी तिला एवढं शिकवलं होतं. वाट बघणाऱ्याने ओशाळून उभं राहायचं नाही, आपण काही चोरी केलेली नाही.

अंगणात पाय ठेवताच तिला कळलं की आपल्याविषयी बोलणं झालंय. बसलेले सगळे एकदम सावरून बसले. वर्षाराणीने पाण्याचा तांब्या पुढे केला, जो ती कधी करत नसे.

"दंडवत, आत्याबाई. बाबा जेवून गेले का नीट?"

"गेले, बाई. तू हातपाय धू. ताट वाढते."

"आधी ऐक," अंगद म्हणाला. तो उभाच होता. त्याने फोन तिच्या हातात दिला. "आज दोन वाजता आलंय."

खाकी शर्टाची वरची गुंडी सोडता सोडता स्वप्नाली थांबली. तिने फोटो बघितला. मोठा केला. मग पुन्हा लहान केला आणि खालची माहिती एकेक ओळ वाचली, जशी ती बसमधली सवलतीची ओळखपत्रं वाचायची, सावकाश, कुणाच्या घाईला न जुमानता.

"दीपमाला," ती म्हणाली. मग ती हसली. "आत्याबाई, आली. बघा, आली."

बायनाबाईंनी दोन्ही हात जोडले. डोळे मिटले. स्मरण करताना त्यांचे ओठ हलत राहिले.

"अजून हाय," अंगद म्हणाला.

"अंगद!" बद्रीनाथचा आवाज आला.

"न्हाई दादा, सांगू दे." त्याने बायकोकडे बघितलं. "ही पहिली न्हाई. मागल्या जानेवारीत एक आलतं. पोरगी. आठ महिन्यांची. मी तुला सांगितलं न्हाई. दोन दिस जाऊ दिले."

शेजारच्या अंगणात कुणीतरी तूर बडवत होतं.

"जाऊ दिले म्हणजे?" स्वप्नालीने विचारलं. तिला शब्द कळले होते. तरी तिने विचारलं.

"बटन दाबलं न्हाई. भ्यालो."

"कशाला?"

दादाचं नाव अंगदने घेतलं नाही. ते सत्यभामानेच घेतलं. "ह्यांनी सांगितलंतं त्यांना, थांब म्हनून. मला म्हाईत होतं, स्वप्नाली. मीबी बोलले न्हाई."

बद्रीनाथने बायकोकडे असं बघितलं जणू घरातलं कुत्रं त्यालाच चावलं. मग त्याने मान ताठ केली. "हो, मी सांगितलं. थांब म्हनलो, नगं म्हनलो न्हाई. घरातला थोरला मी. कुठलं कुनाचं लेकरू, इचार करायचा का न्हाई? उद्या लोक काय म्हनतील, मायला काय वाटंल..."

"मला?" बायनाबाई म्हणाल्या. "मला इच्चारलंतं का तू?"

स्वप्नाली पलीकडच्या खांबाशी बसली. ओट्यावर, चप्पल न काढताच. जानेवारी. म्हणजे संक्रांतीनंतर. तेव्हा ती रोज पहाटे साडेचारला उठून अंबाजोगाईची गाडी करत होती आणि गाडी सुटण्याआधी, अंधारात, एकदा देवाचं नाव घेऊन म्हणायची, तुझ्या मनात असेल तेव्हा. तेव्हा त्याच्या मनात होतं. लेकरू कुठेतरी फोटोत बसून होतं.

"नाव काय होतं तिचं?" तिने विचारलं.

"काजल," अंगद म्हणाला. लगेच म्हणाला. तेवढं मात्र तिने ऐकून घेतलं, की त्याला नाव आठवावं लागलं नाही.

"मग देवावर टाकून मी चुकलेच ना, आत्याबाई?" तिचा आवाज चढला नव्हता. "अकरा महिने मी देवाची वाट बघतेय असं समजत होते. वाट तर ह्यांनी अडवली होती."

सगळ्यांनी बायनाबाईंकडे बघितलं. बेचाळीस वर्षं त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. यावेळी त्यांनी आधी पदर सारखा केला. सुनेच्या शेजारी येऊन बसायला त्यांना दोन वेळा हात टेकावा लागला.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "तू रडायला लागलीस की मी म्हनायची, त्याचा येळ झाला न्हाई अजून. न बगता म्हनायची. त्याचं नाव घेऊन तुला थांबवत हुते, अन् थांबला हुता माझा लेक. देव थांबला नव्हता, बाई. त्यानं धाडलंतं. दार आमी लावलं." त्यांनी थोरल्याकडे बघितलं. "बद्री, मगाशी तू इच्चारलंस, देवालाबी हिशेब हाय का न्हाई. हाय. आपलं भ्याव त्याच्या नावावर मांडायचं न्हाई. ज्याचा उशीर त्याच्या माथी."

"माय, मी वाईट चिंतलं न्हाई कुनाचं."

"म्हाईत हाय मला. तू भितोस. शिवशंकर पुण्याहून परत यायचा न्हाई असं तुला वाटतंय, म्हनून त्याला रानानं बांधून ठिवायला बगतोस. रानानं कुनी बांधलं जात न्हाई लेकरा."

बद्रीनाथची मान खाली गेली. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या दिवाळीत पोरगा दोन दिवसांसाठी आला, त्यातला एक दिवस झोपून काढला, आणि निघताना म्हणाला, बाबा, विकायचं असेल तर आताच विका. त्या दिवसापासून बद्रीनाथला आपलं रान स्वप्नात दिसत होतं, त्यात कुणीच उभं नसायचं. म्हणून त्याने भावाचं रान त्यात जोडून ते पोराच्या पायात घालायचं ठरवलं होतं. मायला कसं कळलं? त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि तो उठून अंगणात जाऊन उभा राहिला.

"आत्याबाई," स्वप्नाली म्हणाली, "ती काजल?"

"ती कुनाच्यातरी मांडीवर असंल आता. तिचाबी धनी त्योच. आपुन दार लावलं म्हनून त्यो तिला उघड्यावर टाकनार न्हाई. अन् आपल्यालाबी टाकलं न्हाई त्यानं. बग, पुन्यांदा धाडलं."

वर्षाराणी इतका वेळ तोंडाला पदर लावून बसली होती. ती उठली, स्वप्नालीच्या हातातला फोन तिने वाकून बघितला. "अगं बया," ती म्हणाली, "भुवया तर बघ. अख्ख्या घराला दटावतीय." आणि मग, भावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "दादा, मी मगाशी तुझ्या बाजूनं बोलले ते मागं घेतलं बरं का."

स्वप्नाली उठली. डोळे पुसले. खालच्या अंगणात रेंज धड नसायची. ती जिन्याने गच्चीवर चढली आणि अंगद तिच्यामागे गेला. त्याने पासवर्ड टाकला. पान उघडायला वेळ लागला. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले, पण अंतर ठेवून.

"राखून ठेवा," तिने वाचलं. फोन त्याच्यापुढे धरला. "तुम्ही दाबा. मागच्या वेळी हात तुमचा थांबला होता."

अंगदने दाबलं. हिरवी खूण आली. त्याचे खांदे हलायला लागले.

"तुमचं माझं काय ते मी नंतर बघणार आहे," स्वप्नाली म्हणाली. "सोडणार नाही मी ते. पण ते तिच्या आड येऊ द्यायचं नाही." आणि कठड्यावरून खाली वाकून तिने हाक मारली, "आत्याबाई! झालं!"

*

सतरा दिवसांनी, सोमवारी, दीपमालाला बघायला संभाजीनगरच्या संस्थेत जायचं ठरलं. पहाटे फाट्यावर स्वप्नाली, अंगद, बायनाबाई आणि सत्यभामा उभे होते. सत्यभामाने येण्यासाठी कुणाची परवानगी विचारली नव्हती, डब्यात धपाटे बांधून सरळ निघाली होती. गाडी यायला अवकाश होता तेव्हा बद्रीनाथ त्याची जीप घेऊन आला. खाली उतरला, पण जवळ आला नाही.

"एसटीनं कावून जाता? गाडी हाय की."

बायनाबाई म्हणाल्या, "तिला इच्चार."

बद्रीनाथने आयुष्यात धाकट्या भावजयीला काही विचारलं नव्हतं. त्याने घसा साफ केला. "येऊ का?"

स्वप्नालीने त्याच्याकडे नीट बघितलं. माणूस सतरा दिवसांत वाळल्यासारखा दिसत होता. तिला दया आली, तरी तिने घाई केली नाही.

"आज नको, दादा. आज मला मोकळ्या मनानं जायचंय. तिला कायमची घरी आणायचा दिवस ठरला की सांगते. तेव्हा तुम्हीच घ्यायला या."

बद्रीनाथने मान डोलावली. गाडी येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला, आणि मायला पायरी चढताना हात दिला.

संस्थेच्या खोलीत निळी सतरंजी होती आणि भिंतीला लागून खेळण्यांची टोपली. तिथं मुलांना सांभाळणाऱ्या ताईंनी दीपमालाला कडेवर आणलं. खाली ठेवताच ती ताईंच्या साडीमागे गेली आणि एका डोळ्याने चौघांकडे बघायला लागली. भुवया तशाच आक्रसलेल्या.

अंगदने हात पुढे केला. ती आणखी मागे सरकली. सत्यभामाने टोपलीतली बाहुली दाखवली. मुलीने बाहुलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"नवीन माणसं आहेत ना," ताई म्हणाल्या. "मी आणून देऊ का मांडीवर? रडेल जरा, पण होते सवय."

"नको," स्वप्नाली म्हणाली. ती सतरंजीवर भिंतीला टेकून बसली, पाय लांब करून, जसं लांबच्या गाडीला वेळ असताना डेपोत बसतात तसं. "तिच्या मनानं येऊ दे. मला वाट बघता येते."

बायनाबाईंनी दाराशी बसून डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. अंगद बायकोपासून हातभर अंतरावर बसला.

पाऊण तास गेला. मुलगी साडीमागून बाहेर आली, टोपलीपर्यंत गेली, परत गेली. पुन्हा आली. अंगदला टाळून, सत्यभामाला वळसा घालून ती स्वप्नालीच्या पायांपाशी उभी राहिली आणि तिने बराच वेळ तिला निरखलं. मग मांडीवर नाही, पण अगदी शेजारी, तसेच पाय लांब करून, भिंतीला टेकून बसली.